प्राध्यापकांचं मन कामात का नाही, हा प्रश्नच उलटा विचारला जातोय

गेले पंधरा दिवस आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एकच वाद चाललाय आणि तो इतका वाईट चाललाय की शेवटी ग्रुप म्यूट करून मी हे लिहायला बसलोय. ठिणगी साधीच होती. युनिव्हर्सिटीने प्राध्यापकांचा एंगेजमेंट सर्व्हे, म्हणजे कामात किती मन आहे ते मोजणारी पाहणी, घेतली, निकाल वाईट आला, आणि उपाय म्हणून दिवसातून दोनदा मशीनवर अंगठा लावायची हजेरी सुरू झाली. लगेच दोन तट पडले. एक तट म्हणतो बरोबरच आहे, दिवसाला दोन तास शिकवायचं, वर्षानुवर्षं त्याच पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचायच्या आणि पगार मात्र पूर्ण, यांना चाप लावायलाच हवा होता. दुसरा म्हणतो आधी पगार वेळेवर द्या, रिकाम्या जागा भरा, लोकांना कायम करा, मग एंगेजमेंटच्या गप्पा मारा. गंमत म्हणजे इतकं भांडूनही दोघांना एक गोष्ट मान्य आहे, की प्राध्यापक हा मुळात थंड पडलेला प्राणी आहे आणि बाहेरून टोचल्याशिवाय तो हलत नाही. एकाला काठीने टोचायचंय, दुसऱ्याला नोटेने, एवढाच फरक.

मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. जो माणूस ऐन उमेदीची पाच-सहा वर्षं एका बारीकशा प्रश्नाच्या मागे घालवतो, बरोबरीचे मित्र नोकरीत स्थिरावलेले दिसत असताना तुटपुंज्या स्टायपेंडवर थिसिस लिहितो, आणि त्यानंतरही दुसरा सोपा धंदा न धरता शिकवायलाच येतो, त्याच्यात उत्साह नव्हता असं कसं म्हणणार? बाकीच्या बऱ्याच नोकऱ्यांमध्ये माणूस आधी रुजू होतो आणि मग जमलं तर कामात रमतो. इथे तो आधीच रमलेला असतो म्हणून रुजू होतो. तेव्हा यांच्यात उत्साह भरायचा कसा हा प्रश्नच गैरलागू आहे. येताना जो होता तो गळाला कुठून, हे विचारायला हवं. आणि माझं स्पष्ट मत आहे की तो मुख्यतः तीन ठिकाणांहून गळतो: स्वतःच्या कामावरचा ताबा जातो तिथून, सलग वेळ तुटतो तिथून, आणि निर्णय कोणी आणि का घेतला हे कळेनासं होतं तिथून. पगार आणि कायमपणा महत्त्वाचे आहेतच, ते मी पुढे मान्यही करणार आहे, पण त्यांच्यावर सगळा वाद टांगून ठेवला की ही तीन भोकं तशीच राहतात.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. एंगेजमेंट म्हणजे समाधान नव्हे. नोकरीवर पूर्ण समाधानी असलेला, वेळेवर घरी जाणारा, कशाचीच तक्रार नसलेला आणि कामात काडीचाही जीव नसलेला माणूस तुम्ही पाहिला असेल, प्रत्येक डिपार्टमेंटमध्ये एक असतोच. उलट सतत चिडलेला, मीटिंगमध्ये भांडणारा, व्यवस्थेला शिव्या घालणारा आणि तरी रात्री अकरा वाजता विद्यार्थ्याच्या ड्राफ्टवर खुणा करत बसलेला माणूसही असतो. सर्व्हेत पहिल्याचा स्कोअर बहुतेक चांगला येतो. विल्यम कान नावाच्या संशोधकाने १९९० मध्ये या विषयावरचा गाजलेला पेपर लिहिला. त्याने अभ्यास केला होता तो उन्हाळी कॅम्पमधल्या मार्गदर्शकांचा आणि एका आर्किटेक्चर फर्ममधल्या लोकांचा, प्राध्यापकांचा नाही. तरी त्याने काढलेल्या तीन अटी आपल्याकडे चपखल बसतात. माणूस कामात स्वतःला ओततो कधी? त्या कामाला अर्थ आहे असं वाटतं तेव्हा, मोकळं बोललं-वागलं तर अंगाशी येणार नाही अशी खात्री असते तेव्हा, आणि ओतायला स्वतःपाशी काही शिल्लक असतं तेव्हा. अर्थ, निर्धास्तपणा, शिल्लक. आता दिवसातून दोनदा अंगठा लावल्याने यातलं नेमकं काय वाढतं, कोणी सांगेल का? आजार रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

त्यानंतर २००१ मध्ये बर्नआउटवर, म्हणजे कामाने माणूस पार पिचून जाण्यावर, काम करणाऱ्या एका युरोपीय गटाने एक मॉडेल मांडलं, ते या वादात कोणीच काढत नाही म्हणून मी काढतो. त्यांनी नोकरीचे दोन भाग केले. एक, नोकरी तुमच्याकडून काय मागते, म्हणजे कामाचा भार, वेळेची ओढाताण वगैरे. दोन, नोकरी तुम्हाला काय पुरवते, म्हणजे स्वातंत्र्य, वरिष्ठांचा आधार, केलेल्या कामाची दाद, निर्णयात वाटा. पहिलं अति झालं की माणूस थकतो आणि दुसरं आटलं की तो कामातून मन काढून घेतो, असं त्यांच्या हाती लागलं. थकणं वेगळं आणि मन काढून घेणं वेगळं. आपल्या ग्रुपवर "आम्ही किती राबतो" आणि "तुम्ही किती निवांत आहात" अशी जी जुगलबंदी चाललीये ती सगळी पहिल्या भागाची आहे, आणि सर्व्हेत जे वाईट दिसलं ते बहुतेक दुसऱ्या भागाचं. म्हणून दोघंही खरं बोलत असून दोघांचंही चुकतंय.

आता विरोधकांचा सगळ्यात जड मुद्दा घेतो, कारण तो टाळून लिहिणं म्हणजे पळपुटेपणा. मुद्दा असा की खात्रीचा पगार माणसाला आळशी करतो, आणि हे काही परवाच्या मॅनेजमेंट गुरूंनी शोधलेलं नाही, खुद्द अ‍ॅडम स्मिथ या अर्थतज्ज्ञाने १७७६ मध्ये लिहून ठेवलंय. तो स्वतः १७४० ते १७४६ ऑक्सफर्डला शिकायला होता आणि तिथल्या बहुसंख्य प्राध्यापकांनी शिकवण्याचं नाटक करणंसुद्धा कधीच सोडून दिलंय असं त्याने छापील लिहिलं. त्याचा तर्क सरळ होता, मेहनत केली काय आणि नाही केली काय, मिळणारे पैसे तेवढेच असतील तर माणूस मेहनत का करेल? मी हे नाकारत नाही. असे लोक मी पाहिलेत, तुम्हीही पाहिलेत. एक सहकारी होते, त्यांच्या नोट्सच्या कडा इतक्या झिजल्या होत्या की पोरांनी त्या नोट्सला नाव ठेवलं होतं. (ते नाव इथे देत नाही, ओळखणारे ओळखतील.)

पण स्मिथचा दाखला देणारे लोक अर्ध्यावर थांबतात हो. तो पुढे आणखी दोन गोष्टी म्हणतो. पहिली, प्राध्यापकांवर देखरेख प्राध्यापकांच्याच मंडळाकडे असेल तर ते एकमेकांना सांभाळून घेतील, तू माझ्याकडे बघू नको मी तुझ्याकडे बघत नाही. हे आपल्याला झोंबणारं आहे आणि खरंही आहे. दुसरी मात्र आजच्या प्रशासनाला झोंबायला हवी. देखरेख बाहेरच्या कोणाकडे, म्हणजे एखाद्या बिशपकडे, गव्हर्नरकडे, मंत्र्याकडे दिली तर तो जास्तीत जास्त काय करू शकेल? ठरलेले तास हजर राहायला लावेल, ठरलेली लेक्चरं द्यायला लावेल. ती लेक्चरं कशी असतील हे शेवटी शिक्षकाच्याच मेहनतीवर राहणार. शिवाय विषय न कळणाऱ्या माणसाच्या हाती अशी सत्ता गेली की ती लहरीपणे वापरली जाते, आणि मग शिक्षक स्वतःला वाचवायला अभ्यास वाढवत नाही, तो वरच्यांची मर्जी सांभाळायला लागतो. अडीचशे वर्षांपूर्वी लिहिलंय हे! अंगठ्याच्या मशीनवर याहून नेमकी टीका अजून कोणी केलेली माझ्या वाचनात नाही. आळशी प्राध्यापकांविरुद्धचा सर्वात मोठा साक्षीदारच हजेरीच्या बाजूने साक्ष द्यायला तयार नाही, मग हा खटला चालतोय कशाच्या जोरावर?

आणि हजेरीचा प्रयोग त्याच्याही कितीतरी आधी होऊन गेलाय. मध्ययुगात इटलीतल्या बोलोन्याच्या युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांच्याच संघटना प्राध्यापकांना नेमत आणि दंडही करत. लेक्चर उशिरा सुरू केलं, दंड. वेळेत संपवलं नाही, दंड. धडा गाळला, दंड. वर्गात पाचसुद्धा विद्यार्थी आले नाहीत तर मास्तर स्वतःच गैरहजर धरायचा. अवघड भाग तासाच्या शेवटी ढकलून मग वेळ संपली म्हणून टाळायचा नाही, असाही नियम होता, म्हणजे मास्तरांच्या युक्त्या तेव्हाही याच होत्या. पण हा सगळा दंड कशाकशाला लागू होता ते बघा. घड्याळाला, पानांना, डोक्यांच्या संख्येला. रटाळ शिकवण्याला दंड लावायचं कलम त्यांनाही सुचलं नाही, कारण ते लिहिता येतच नाही. विद्यार्थी समोर बसून, स्वतःच्या खिशातून पैसे देऊन जे मोजू शकले नाहीत ते कॉरिडॉरमधलं मशीन मोजणार म्हणे.

मोजायचंच नाही का मग? हा पुढचा प्रश्न येतोच आणि तो रास्त आहे. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने हिशोब द्यायला हवा, यात वाद नाही. वाद आहे तो मोजमापाला पैसे आणि बढती बांधली की काय होतं याचा. इंग्लंडमध्ये १८६२ पासून शाळांचं अनुदान मुलांची हजेरी आणि वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेतल्या निकालावर ठरायला लागलं. वरवर बघता काय वाईट आहे? निकाल द्या, पैसे घ्या. झालं असं की शाळा तेवढंच शिकवायला लागल्या जेवढं इन्स्पेक्टर विचारणार, आणि मुलं पाठ्यपुस्तक वाचायच्या ऐवजी तोंडपाठ करायला लागली. मॅथ्यू अर्नोल्ड हा कवी स्वतः शाळा इन्स्पेक्टर होता, म्हणजे ही व्यवस्था राबवणाऱ्यांतलाच, आणि तोच आपल्या अहवालांत शिक्षण यांत्रिक होत चाललंय म्हणून ओरडत होता. व्यवस्था मोडीत निघायला १८९० चं दशक उजाडावं लागलं. शाळेचं उदाहरण युनिव्हर्सिटीला कशाला, असं कोणी म्हणेल म्हणून युनिव्हर्सिटीचंच घ्या. ब्रिटनने १९८६ मध्ये संशोधनाचं मूल्यमापन करून त्यावर निधी वाटायला सुरुवात केली. "मोजमाप हेच ध्येय झालं की ते चांगलं मोजमाप राहत नाही" या अर्थाचं जे वाक्य आज सगळीकडे फिरतं, त्याचा मूळ विचार गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाचा आणि चलनधोरणाबद्दलचा, पण ते आज ज्या रूपात फिरतं ते रूप त्याला मेरिलिन स्ट्रॅथर्न या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ मध्ये दिलं, आणि दिलं ते ब्रिटिश युनिव्हर्सिट्यांच्या ऑडिटबद्दल लिहितानाच. म्हणजे हे वाक्य फॅक्टरीतून आपल्याकडे आलेलं नाही, ते आपल्याच घरात जन्मलंय.

याचा एंगेजमेंटशी संबंध काय? संबंध असा की मोजणीने स्वतःच्या कामावरचा ताबा जातो, काम बदलतं आणि बदललेल्या कामात अर्थ उरत नाही. एकाच निष्कर्षाचे तीन तुकडे करून तीन पेपर काढणारा माणूस मूर्ख नसतो, त्याला नीट माहीत असतं तो काय करतोय, आणि तेच त्याला आतून पोखरतं. वर्षाच्या शेवटी तो फॉर्ममध्ये तीन हा आकडा भरतो आणि त्याला पक्कं ठाऊक असतं की एक लिहायला हवा होता. असं दहा वर्षं केल्यावर त्याला विचारा, कामात मन लागतं का.

पैशाच्या मुद्द्याकडे येतो. दुसऱ्या तटातले माझे मित्र इथे रागावणार. हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांच्या मुलाखतींवरून मांडलं की पगार, वरिष्ठांची वागणूक, कामाची परिस्थिती या गोष्टी वाईट असल्या तर माणूस नाराज होतो पण त्या चांगल्या असल्या म्हणून तो पेटून उठत नाही, पेटायला कामच तसं लागतं, यश लागतं, दाद लागते. या मांडणीवर आक्षेपही तगडे आहेत. लोकांना आठवणी विचारल्या की चांगलं झालेलं ते स्वतःच्या नावावर टाकतात आणि वाईट झालेलं परिस्थितीच्या, त्यामुळे अशी वाटणी आपोआप तयार होते. आक्षेप मला पटतो. तरीही अनुभव बघा, वाढीव पगाराचा आनंद किती दिवस टिकतो? पहिला महिना, फार तर दुसरा. डेसी या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये कॉलेजच्या पोरांना कोडी सोडवायला दिली. ज्यांना मध्येच पैसे देऊन नंतर बंद केले ती पोरं मोकळ्या वेळात त्या कोड्यांना आधीपेक्षा कमी हात लावायला लागली. प्रयोग छोटा होता आणि त्याच्या अर्थावर मानसशास्त्रज्ञांची पुढे पुष्कळ भांडणं झाली, पण पेपरमागे इतके पॉइंट्स आणि पॉइंट्समागे इतकी रक्कम असं दरपत्रक लावणाऱ्यांनी एकदा तरी त्याचा विचार करावा. पैसे देऊ नका असं मी म्हणत नाहीये बरं का. पगार पुरेसा हवा, वेळेवर हवा, आणि मग तो डोक्यातून निघून जायला हवा. दर महिन्याला आठवण करून देणारा पगार, मग तो कमी असो की पॉइंट्सला टांगलेला, सारखाच त्रास देतो.

कायमपणाचा मुद्दा यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. अमेरिकेत १९८७ मध्ये साधारण ४७ टक्के शिक्षक टेन्युअर (म्हणजे कायम नोकरीची हमी) मार्गाबाहेरच्या नेमणुकांवर होते, २०२१ मध्ये ते प्रमाण ६८ टक्क्यांवर गेलं, आणि ही दिशा फक्त तिथलीच आहे असं समजायचं कारण नाही. दर सेमिस्टरला नव्याने अर्ज करणाऱ्या माणसाला विल्यम कानच्या अटीतला निर्धास्तपणा कुठून मिळणार? तो अभ्यासक्रमावर टीका करेल? नापास करायला हवं त्याला नापास करेल? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. पण इथे आपल्या बाजूला अडचणीत टाकणारा एक पुरावा आहे आणि तो लपवायला नको. नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीतल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची आठ वर्षांची आकडेवारी तपासून २०१३ मध्ये तीन संशोधकांनी दाखवलं की सुरुवातीचे कोर्स टेन्युअरबाहेरच्या शिक्षकांकडे शिकलेली मुलं त्या विषयात पुढे उलट जास्त चांगली निघाली. बघा, असुरक्षित ठेवलं की माणूस चांगला शिकवतो, असं म्हणायला लोक मोकळेच झाले. पण तपशील वाचा की. तिथले हे टेन्युअरबाहेरचे शिक्षक मोठ्या संख्येने पूर्णवेळ होते, संस्थेशी त्यांचं नातं लांब मुदतीचं होतं, आणि शिकवणं हेच त्यांचं काम आहे हे स्पष्ट होतं. म्हणजे नोकरीवर टांगती तलवार ठेवून साधलेला हा परिणाम नाही. काय करायचंय ते नक्की, त्यासाठी वेळ राखलेला, उद्याची बऱ्यापैकी खात्री, असं असेल तर नावापुढे टेन्युअरचा शिक्का नसला तरी माणूस जीव ओतून शिकवतो. आपल्या तटातल्या लोकांनी यातून शिकायचं ते हे की कायमपणा हे साधन आहे. एकदा कायम झालो की आपोआप जीव लागेल, या भरवशावर राहू नका, पिवळ्या नोट्सवाले साहेबही कायमच होते.

वेळेबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण हे दुसरं भोक कोणाच्याच लक्षात येत नाही. एकूण तास मोजले तर आपलं काम भयंकर नाही, हे कबूल करूया. पण तास मोजून काही कळत नाही, ते कुठे कसे पडलेत ते बघायला लागतं. मी एकदा दोन आठवडे वहीत लिहून ठेवलं होतं, कशानंतर काय केलं. मोकळा वेळ पुष्कळ निघाला. पण सगळा फुटकळ, इथे चाळीस मिनिटं, तिथे अर्धा तास, दोन लेक्चरांच्या मध्ये एक कमिटी, कमिटीनंतर कोणाची तरी सही, सहीनंतर अर्जंट म्हणून मागितलेला डेटा जो गेल्या महिन्यात दुसऱ्या एक्सेलमध्ये दिलेलाच होता. त्या चाळीस मिनिटांत ईमेल होतात, पेपर लिहिता येत नाही. अवघड कामात शिरायलाच अर्धा तास जातो, आणि शिरलो रे शिरलो की कोणीतरी दारात उभं. शाउफेली हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एंगेजमेंट मोजायची जी प्रश्नावली केली, जगभर तीच वापरतात, तिच्यात ऊर्जा आणि समर्पण यांच्या जोडीला तिसरा घटक आहे तल्लीनता, काम करताना वेळेचं भान हरपणं. आता सांगा, ज्याचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाने चिरलाय त्याला वेळेचं भान हरपायची परवानगी आहे का? आणि मग तोच सर्व्हे घेऊन विचारायचं की तुमची तल्लीनता कमी का.

या फुटकळ कामांची वाटणी तरी सारखी असते का, तर तीही नाही. पाहुण्यांचं स्वागत, रडणाऱ्या विद्यार्थिनीची समजूत, कमिटीचं मिनिट्स लिहिणं, ही कामं डिपार्टमेंटमधल्या बायकांकडे आपोआप जातात, "मॅडम तुमचं अक्षर छान आहे" म्हणून. बढतीच्या वेळी यातलं काहीच धरलं जात नाही. वर विद्यार्थ्यांच्या फीडबॅकने मूल्यमापन. अमेरिकेत एका ऑनलाइन कोर्सवर प्रयोग झाला, २०१५ मध्ये छापून आला. शिकवणाऱ्या एका बाईंनी आणि एका पुरुषाने काही गटांपुढे एकमेकांची नावं लावली. खरं कोण शिकवतंय याच्याशी गुणांचा संबंध नव्हता, पुरुषाचं नाव दिसलं तिथे गुण जास्त पडले. विद्यार्थी संख्या लहान होती त्या प्रयोगात, हे खरं, पण त्यातली एक गोष्ट मला विसरता येत नाही, उत्तरं तपासून परत देण्याचा वेळ मुद्दाम सगळीकडे सारखा ठेवला होता आणि तरी तत्परतेचे गुणसुद्धा बाईच्या नावाला कमी पडले. असल्या आकड्यावर ज्यांची बढती अडते त्यांना आपण सांगणार की मन लावून काम करा.

तिसरं भोक निर्णयाचं. विरोधात निर्णय गेला म्हणून माणूस खचतो असं आपण समजतो. १९७० च्या दशकापासून न्याय्य प्रक्रियेवर जे संशोधन झालंय ते जवळजवळ उलटं सांगतं, प्रक्रिया नीट होती, आपलं म्हणणं ऐकलं गेलं, कारण सांगितलं गेलं, एवढं पटलं तर विरोधातला निर्णयही लोक पचवतात. माझी एक सहकारी बढतीत दोनदा नाकारली गेली. पहिल्यांदा कमिटीतल्या एका वयस्कर सरांनी तिला बसवून तासभर समजावलं, हे कमी पडलं, हे करा. ती बाहेर आली ती चिडलेली होती पण कामाला लागली होती. दुसऱ्यांदा एक ओळीचं पत्र आलं. त्यानंतर तिने नवा कोर्स मागितला नाही, सेमिनारला येणं बंद केलं, मीटिंगमध्ये मान डोलवायला लागली. हजेरी तिची आजही शंभर टक्के आहे. आणि हे सगळं ज्याच्या हातात असतं तो हेड कसा होतो? बहुतेक ठिकाणी पाळी आली म्हणून किंवा दुसरं कोणी तयार नाही म्हणून. वीस वर्षं रसायनशास्त्र केलेल्या माणसाला एका सोमवारी सकाळी सांगायचं, आजपासून ही अठरा माणसं तुझी. प्रयोगशाळेत नवा काच-सामान आणला तरी त्याचं माहितीपत्रक वाचतो आपण.

हे सगळं मान्य केलं तरी एक प्रश्न राहतो आणि तो पहिल्या तटातल्या एका हुशार माणसाने मला विचारला होता: ताबा दिला, वेळ दिला, विश्वास ठेवला, आणि तरी पिवळ्या नोट्सवाला तसाच राहिला तर? प्रामाणिक उत्तर हे की काही जण तसेच राहतील. त्यांच्याशी डिपार्टमेंटने, नाव घेऊन, समोर बसून बोलायला लागेल, आणि स्मिथ म्हणतो तशी एकमेकांना सांभाळून घ्यायची आपली सवय मोडायला लागेल, हे आपलं काम आहे आणि आपण ते करत नाही. मशीन येतं ते या रिकाम्या जागेत. दहातल्या एकाशी अवघड बोलणं टाळायचं म्हणून दहाही जणांचा अंगठा घ्यायचा, यात प्रशासनाची सोय आहे तशी आपलीही आहे, कारण मशीनला शिव्या घालणं सहकाऱ्याच्या तोंडावर बोलण्यापेक्षा केव्हाही सोपं. पण हिशोब नीट करा. त्या एकाला अंगठ्याने काही फरक पडत नाही, तो वेळेवर येऊन खुर्चीत बसून राहील. फरक पडतो तो रात्री अकराला ड्राफ्ट वाचणाऱ्याला. त्याच्या लक्षात येतं की आपला अकराचा तास कुठेच धरलेला नाही आणि सकाळची पाच मिनिटं मात्र लाल रंगात दिसतायत. तो हळूहळू शिकतो. मशीनला जे कळतं तेवढंच करायला लागतो.

परवा नवा सर्व्हे आला. अनॉनिमस म्हणून वर मोठ्या अक्षरात लिहिलंय आणि खाली डिपार्टमेंट, पद, वय आणि सेवेची वर्षं भरणं कंपल्सरी, म्हणजे आमच्या डिपार्टमेंटपुरतं तर नाव लिहिल्यातच जमा. दोन लेक्चरांच्या मधल्या पस्तीस मिनिटांत भरायला बसलो. शेवटी सूचनांसाठी दोनशे अक्षरांचा एक चौकोन होता. त्यात मी विचारलं की हा फॉर्म भरायला गेलेला वेळ वार्षिक अहवालात कुठल्या हेडखाली दाखवू. सबमिट केलं तर मेसेज आला, तुमचं सेशन संपलंय, कृपया पुन्हा लॉगिन करा.